नापास साहेबांची निळी गाडी

अख्खा गाव त्यांना नापास साहेब म्हणायचा. तोंडावर नुसतं साहेब आणि पाठ वळली की पूर्ण. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लायसनच्या ऑफिसात काढली. गाडी शिकून आलेल्या माणसाच्या शेजारी बसायचं आणि तो कुठे चुकतो ते बघायचं, हे त्यांचं काम. माणूस चुकायचाच. शेजारी नापास साहेब बसलेत म्हटल्यावर झोपेतही गाडी हाकणाऱ्याच्या हाताला घाम सुटायचा. कुणी आरशात बघायला विसरायचं, कुणी गिअर टाकताना खाली बघायचं, कुणाची गाडी चढावर टीचभर मागे यायची.

“टीचभर मागे आली,” साहेब शांतपणे म्हणायचे. “पुढच्या महिन्यात या.”

बरं, माणूस पैसे खाणारा असता तर लोकांनी काहीतरी सोय करून घेतली असती. साहेब एका पैशाला शिवले नाहीत. चहासुद्धा घरचा, थर्मासमधला. त्यामुळे लोकांची फारच पंचाईत झाली. लाचखाऊ माणसाला निदान मोकळेपणाने शिव्या देता येतात. प्रामाणिक माणसाला शिव्या देताना आपलीच जीभ अडखळते, आणि मग त्या पोटात राहून आंबतात. आमच्या गावात अशा आंबलेल्या शिव्यांचा साठा बराच होता.

त्यांनी नापास केलेल्यांत एक तरुण मुलगीही होती. तिच्या वडिलांचा सोडावॉटरचा कारखाना होता. कारखान्याच्या आवारात ती बाटल्यांनी भरलेला टेम्पो असा फिरवायची की आतली एक बाटली वाजायची नाही. साहेबांनी तिला नापास केलं. वळताना हात दाखवायला उशीर केला म्हणे. आणि थोड्याच दिवसांत साहेबांच्या घरून तिला मागणी आली.

“आणि तुम्ही हो म्हणालात?” मी एकदा काकूंना विचारलं. काकू म्हणजे साहेबांची बायको, तीच ती टेम्पोवाली मुलगी.

“राग काढायला आयुष्यभर वेळ मिळेल म्हणून,” काकू म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

लग्नानंतर त्यांनी पुन्हा परीक्षा द्यायचं काढलं, तर साहेबांनी मोडता घातला. पास झालीस तर लोक म्हणणार नवऱ्याने पास केलं, नापास झालीस तर म्हणणार नवरा असून नापास. म्हणजे दोन्हीकडून अब्रू साहेबांचीच जाणार. त्या अब्रूपुढे काकूंच्या लायसनला कोण विचारतो! साहेब रिटायर होईपर्यंत थांबायचं ठरलं. साहेब रिटायर झाले तेव्हा काकूंचे केस पांढरे झाले होते आणि “आता या वयात कशाला?” हे नवंकोरं कारण तयार होतं.

रिटायर झाल्यावर साहेबांनी गाडी घेतली. सेकंडहँड, निळी, पण आधीच्या मालकाने जिवापाड जपलेली. आम्ही त्यांच्या सोसायटीतले सगळे खिडक्यांत येऊन उभे राहिलो. इतकी वर्षं ज्यांनी इतरांच्या चुका काढल्या ते आता स्वतः गाडी चालवणार म्हणजे ते दृश्य बघण्यासारखंच असणार. पहिल्याच रविवारी साहेब काकूंना घेऊन बाहेर पडले. पुढचं काकूंकडून कळलं.

बाजाराच्या चौकात साहेबांनी गाडी थांबवली. नियम असा की उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. उजवीकडून गाड्या येत होत्या, त्यांना साहेबांनी जाऊ दिलं. मग आणखी आल्या, त्यांनाही जाऊ दिलं. रविवारचा बाजार, गाड्या संपणार कशा? मागे रांग लागली. हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला. मागच्या बसमधली माणसं कंटाळून उतरली आणि चालत पुढे निघून गेली. शेवटी वाहतूक पोलीस आला आणि त्याने काचेवर टकटक केली.

“काका, बंद पडली का?”

“बंद नाही. मी नियम पाळतोय.”

“मग जरा बाजूला घेऊन पाळा.”

साहेबांचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते काकूंनी मला करून दाखवलं होतं. तसा चेहरा मी त्याआधी फक्त बर्फात ठेवलेल्या माशाचा बघितला होता. साहेबांनी गाडी घरी आणली, आवाराच्या कोपऱ्यात लावली, वर ताडपत्री घातली. आधी कारण होतं पेट्रोल महागलं. मग रस्ते खोदलेत. मग लोकांना चालवता येत नाही, त्यात आपण कशाला पडा. होता होता दहा-बारा वर्षं झाली. चारही टायरांतली हवा गेली, ताडपत्री उन्हाने विटली, आणि गाडी उभी आहे असं न म्हणता बसली आहे असंच म्हणावं लागेल अशी तिची गत झाली. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर तिच्यासमोर उघडते, त्यामुळे मी हे रोज बघत होतो.

मग सोसायटीची मीटिंग झाली. आमचे अध्यक्ष गुळगुळीत बोलणारे आणि पांढरेशुभ्र कपडे घालणारे. तरुणपणी साहेबांनी त्यांना ओळीने इतक्या वेळा नापास केलं होतं की शेवटी त्यांनी शेजारच्या गावात जाऊन लायसन काढलं. त्या मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला.

“कोपऱ्यातलं भंगार हलवायला हवं. पाहुण्यांच्या गाड्यांना जागा नाही.”

हा पाहुणा म्हणजे अध्यक्षांची येऊ घातलेली दुसरी गाडी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी माना डोलल्या. आमच्याकडे मीटिंगला लोक माना डोलवायलाच येतात.

साहेब उठले. “ते भंगार नाही. वाहन आहे.”

“वाहन चालतं, साहेब,” अध्यक्ष गोड हसून म्हणाले.

“चालेल.”

“मग पुढच्या मीटिंगच्या आत चालवून दाखवा. नाही जमलं, तर भंगारवाल्याला मी बोलावतो. तुम्हाला कशाला त्रास?”

“दाखवतो,” साहेब म्हणाले. बायकांच्या रांगेत बसलेल्या काकूंनी डोक्याला हात लावला.

गावातले दोन चांगले मेकॅनिक साहेबांचं नाव ऐकताच म्हणाले की आम्हाला वेळ नाही. दोघांनाही साहेबांनी काय केलं असेल ते सांगायला नको. तिसरा आला. पुलाखाली त्याचं गॅरेज होतं. माणूस बुटका, पण आवाज दुमजली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने एकदा बंद पडलेला रोडरोलर नुसता कान लावून चालू केला होता.

“साहेब, गाडी माझ्यावर सोडा,” तो छाती ठोकून म्हणाला. “ही तर नुसती झोपलीय. मी मेलेल्या उठवल्यात.”

ताडपत्री ओढली तेव्हा खालून एक मांजर बाहेर आलं. त्याने आम्हा सगळ्यांकडे घराबाहेर काढलेल्या भाडेकरूच्या रागाने बघितलं आणि ते भिंतीवर जाऊन बसलं. बॉनेट उघडलं तर आत उंदरांनी संसार थाटलेला. सीटमधला काथ्या, वायरींची कातडी, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या स्वेटरची लोकर, असं सगळं एअर फिल्टरमध्ये कोंबून झकास घर केलं होतं.

“बॉनेट तर बंद होतं!” साहेब म्हणाले.

“उंदरांना कुठे लायसन लागतं, साहेब?” गॅरेजवाला म्हणाला.

साहेबांनी घरून खुर्ची आणली आणि गाडीच्या उशाशी मांडली. मांडीवर नियमांचं जाडजूड पुस्तक. जणू गाडी आजारी आहे आणि ते तिला काहीतरी वाचून दाखवणार आहेत. गॅरेजवाल्याने पेट्रोलची टाकी मोकळी केली. आतून जे बाहेर आलं त्याचा रंग उकळलेल्या चहासारखा आणि वास जुन्या फर्निचरच्या पॉलिशसारखा होता. टाकी गंजली होती. तो टाकी उतरवून घेऊन गेला, आत खडी आणि रॉकेल घालून दिवसभर हलवत बसला आणि गंज सुटा करून परत आला. कार्ब्युरेटर खोलून बारीक तारेने साफ केला. बॅटरीच्या टोकांवर हिरवटपांढरं पीठ धरलं होतं. ती सरळ फेकून नवी आणली. इथवर सगळं ठीक चाललं होतं. मागची चाकं फिरवायची वेळ आली तेव्हा ती फिरेनात.

“हँडब्रेक ओढून ठेवलाय कुणी?” गॅरेजवाला गाडीखालून ओरडला.

“मी,” साहेब ताठ बसून म्हणाले. “उभ्या वाहनाचा हँडब्रेक ओढलेला असला पाहिजे.”

“अहो, एवढी वर्षं? ब्रेक गंजून चिकटलेत चाकाच्या ड्रमला! जास्त दिवस उभी ठेवायची तर गिअरमध्ये टाकायची, चाकाला दगड लावायचा.”

साहेबांनी पुस्तक चाळलं. “दगडाचा उल्लेख नाही.”

गॅरेजवाल्याने हातोडा घेतला. हळूहळू ठोकून ड्रम सोडवायचा असतो, हे तो स्वतःच आम्हाला समजावून सांगत होता, आणि सांगता सांगता त्याने असा एक घाव घातला की ड्रमचे दोन तुकडे झाले.

“हा कच्चाच होता,” गॅरेजवाला म्हणाला.

मग भंगार बाजारात दुसरा ड्रम शोधण्यात एक आठवडा गेला. वायरिंग हाही त्याचा हातखंडा विषय असल्याचं कळलं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी त्याने कानावर पेन्सिल खोचून, शीळ घालत जोडल्या. साहेबांनी डावा इंडिकेटर लावून बघितला तर वायपर फिरायला लागले. ब्रेक दाबला तर हॉर्न वाजला. गॅरेजवाल्याचं म्हणणं, हे एका अर्थी जास्त सुरक्षित. साहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो निमूटपणे पुन्हा गाडीत शिरला.

या सगळ्या दिवसांत काकूंचं कुठेच लक्ष नव्हतं. सकाळी खाली चहाचे कप आणून दिले की त्या पिशवी घेऊन निघून जायच्या. गुडघे धरलेत, व्यायामाला जाते, असं सांगायच्या. साहेबांची तक्रार एवढीच की जेवायला उशीर होतो. गुडघ्यांची चौकशी केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

गाडी सुरू करायचा दिवस उजाडला. गॅरेजवाल्याने आधी इंजिनात थोडं तेल सोडून ते हाताने फिरवून घेतलं. इतकी वर्षं निपचित पडलेलं इंजिन एकदम किल्लीने फिरवलं तर आतून मोडतं म्हणे. इमारतीतली निम्मी माणसं खाली उतरली होती. अध्यक्षही आले, सहज चक्कर मारायला आल्यासारखे, पांढऱ्या शर्टात. गाडीच्या मागच्या बाजूला, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

किल्ली फिरली. गाडी कण्हली. पुन्हा फिरली. गाडीने एक लांबलचक खोकला काढला आणि गप्प झाली.

“राहू द्या, साहेब,” अध्यक्ष म्हणाले. “माझ्या ओळखीचा भंगारवाला वजनाला चोख आहे.”

तिसऱ्यांदा किल्ली फिरली आणि तोफेसारखा बार झाला. सायलेन्सरमध्ये उंदरांचं दुसरं घर होतं, याचा आम्हा कुणाला पत्ता नव्हता. ते सबंध घर, काजळी, लेंड्या आणि लोकरीसकट, अध्यक्षांच्या शर्टावर जाऊन बसलं. धुरातून इंजिनाची घरघर ऐकू येत होती. गॅरेजवाला आनंदाने नाचत होता. अध्यक्ष काही बोलायला गेले, पण तोंड उघडण्याआधी त्यांना ते पुसावं लागणार होतं.

त्या दिवशी साहेबांचा चेहरा उजळला होता, हे कबूल करायला हवं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि इंजिन बंद होईपर्यंत तिथून हलवला नाही.

नवे टायर आले, सीटा शिवल्या, गाडी धुतली. आता ती लायसनच्या ऑफिसात नेऊन रस्त्यावर चालण्याजोगी आहे असा दाखला घ्यायचा, एवढंच उरलं. साहेबांनी गॅरेजवाल्याला सांगितलं, “उद्या सकाळी गाडी घेऊन ऑफिसात या. मी रिक्षाने येतो.”

“मी कसा आणणार?” गॅरेजवाला म्हणाला. “माझ्याकडे लायसन नाही.”

“का नाही?”

“साहेब, आठवत नाही का? तुम्हीच नापास केलंत. मग मी नादच सोडला. मी गाड्या फक्त गॅरेजात मागेपुढे करतो.”

“गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे लायसन नाही, हे गंभीर आहे,” साहेब म्हणाले.

“मग तुम्हीच न्या की.”

साहेब पुस्तकात बघू लागले. काकू खिडकीत उभ्या होत्या.

“ते कसे नेतील?” त्या वरूनच म्हणाल्या. “त्यांचंही लायसन कधीच संपलंय. डोळ्यांची तपासणी करून आणायला सांगितली होती, तर गेलेच नाहीत. आता पुन्हा परीक्षा द्यावी लागेल.”

गॅरेजवाल्याने आधी साहेबांकडे बघितलं, मग काकूंकडे. मग तो जवळच्या टायरवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. इमारतीतल्या ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांचंही तेच झालं. साहेब खुर्चीत ताठ बसले होते. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

“गाडी मी नेते,” काकू म्हणाल्या.

“अगं, काहीतरीच काय! तुझ्याकडे कुठाय लायसन?”

काकू खाली उतरल्या. पिशवीतून एक कार्ड काढून त्यांनी साहेबांच्या हातावर ठेवलं. गुडघ्यांचा व्यायाम म्हणजे कोपऱ्यावरचा ड्रायव्हिंग क्लास होता. साहेबांनी कार्ड उलटसुलट केलं. शिक्का बघितला, तारीख बघितली.

“कोणी पास केलं तुला?”

“तुमच्या जागेवर आता एक मॅडम आहेत, त्यांनी.”

“हात वेळेवर दाखवलास?”

“आता हात दाखवत नाहीत. दिवा लावतात.”

मी खिडकीतून बघत होतो आणि मला वाटलं, आता ते पुस्तक आपटतील किंवा ताडताड वर निघून जातील. यातलं काही झालं नाही. त्यांनी कार्ड सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि काकूंना परत दिलं.

“फोटो बरा आलाय,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. काकू स्टिअरिंगवर, साहेब शेजारी, मागे गॅरेजवाला आणि मी. मला कशासाठी घेतलं ते माहीत नाही. बहुधा ढकलायची वेळ आलीच तर हात असावेत म्हणून. काकूंनी फाटकातून गाडी अशी काढली की वॉचमन सलाम ठोकायचंच विसरला. रस्ताभर साहेबांचा उजवा पाय गाडीच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता. “आरसा. गिअर. आरसा. तो सायकलवाला बघ. आरसा.” काकू समोर बघत चालवत होत्या. बाजाराच्या चौकात त्यांनी काच खाली केली, उजवीकडच्या ट्रकवाल्याकडे एकदा नुसतं बघितलं. ट्रक थांबला. आम्ही पार झालो.

“हे नियमात नाही,” साहेब म्हणाले.

“पण चौकाच्या पलीकडे तर आलो ना?” काकू म्हणाल्या.

ऑफिसातला म्हातारा शिपाई साहेबांना बघून उभा राहिला, पण चेहऱ्यावरून आनंदाने की भीतीने ते कळेना. मॅडम तरुण होत्या, कामाला चटपटीत. त्यांनी दिवे लावून बघितले, हॉर्न वाजवला, धूर मोजला, काकूंना गाडी पुढे न्यायला सांगून ब्रेक मारायला लावले. गाडी जागच्या जागी थांबली. गॅरेजवाला माझ्या बरगडीत कोपर खुपसून म्हणाला, “बघितलं? माझा ड्रम.”

“छान केलीय हो गाडी,” मॅडम म्हणाल्या. “इतक्या वर्षांनी वाटत नाही.” आणि त्यांनी सही करायला पेन काढलं.

साहेब मागच्या बाजूला उभे होते. त्यांची नजर कशावर तरी खिळली होती. ते स्वतःशी झगडत होते. पण जन्मभराची सवय ती!

“मॅडम,” ते म्हणाले, “मागच्या नंबरप्लेटचा दिवा तुम्ही बघितलाच नाही.”

मॅडम मागे आल्या. वाकल्या. दिवा लागत नव्हता.

“अहो!” काकू ओरडल्या.

“नियम आहे,” साहेब म्हणाले.

मॅडमनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा साहेबांकडे, आणि पेन खिशात ठेवलं. “आता दाखवलंत म्हटल्यावर मला सही करता येणार नाही. दुरुस्त करून आणा.”

अशा रीतीने साहेबांनी स्वतःची गाडी स्वतःच नापास केली. परत येताना काकू गिअर असे टाकत होत्या की प्रत्येक वेळी आम्ही तिघेही पुढे झुकत होतो. गॅरेजवाला तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. साहेब मात्र इतकी वर्षं आम्ही कधी बघितले नव्हते इतके खुश होते. बाहेर बघत, मांडीवर बोटांनी ताल धरून, ते चक्क गुणगुणत होते. रिटायर झाल्यापासून त्यांच्या हातून कुणीच नापास झालं नव्हतं, याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता.

त्या दिवशी घरी काय झालं ते मी सांगणार नाही, जरी भिंती पातळ आहेत. दुसऱ्या खेपेला काकूंनी साहेबांना घरी ठेवलं. दिव्यासकट गाडी पास झाली.

मीटिंग भरली. अध्यक्षांनी हार मानायची नाही असं ठरवलेलं दिसत होतं. “ठरलं होतं की साहेब चालवून दाखवणार,” ते म्हणाले. “इथे तर काकू चालवतायत. मग अट पूर्ण झाली असं कसं म्हणायचं?”

माना डोलायला लागल्या. काकू उठल्या. “गाडी चालते की नाही, एवढंच बघायचंय ना? चला, तुम्हाला बसवून दाखवते.”

अध्यक्षांना सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. ते गाडीत बसले. गाडी फाटकातून अशी सुटली की मागे नुसती धूळ उरली. काकूंच्या अंगात सोडावॉटरचा टेम्पो संचारला असावा. आम्ही खाली ताटकळत उभे होतो. परत आले तेव्हा अध्यक्षांचे केस उभे होते आणि दोन्ही हात पुढच्या डॅशबोर्डला चिकटलेले होते. ते हळूच उतरले, शर्ट सारखा केला.

“चालते,” ते म्हणाले आणि लिफ्टने वर गेले. त्यांची दुसरी गाडी आता रस्त्यावर उभी असते.

काकूंना नंतर घरात बघणंच मुश्कील झालं. सकाळी बहिणीकडे, दुपारी कुणाला दवाखान्यात पोचवायला, संध्याकाळी उगाच नदीवर. गाडीभर बायका घेऊन फेऱ्या होऊ लागल्या. साहेब सुरुवातीला बरोबर जायचे आणि शेजारी बसून आरसा, गिअर, आरसा असं चालू ठेवायचे. एकदा बहिणीच्या घरी जाताना काकूंनी वाटेत गाडी बाजूला घेतली, साहेबांच्या बाजूचं दार उघडलं आणि शांतपणे म्हणाल्या, “तो बसस्टॉप.” साहेब बसने घरी आले. उभं राहून आले. आम्ही जिन्यात विचारलं तर म्हणाले, “बसचा ड्रायव्हर चांगला होता.”

त्यानंतर ते गाडीत बसले की बोलत नाहीत. मागच्या सीटवर बसतात, मांडीवर काकूंची पिशवी. मध्येच कधीतरी ओठ हलतात, पण आवाज येत नाही. डोळ्यांची तपासणीही करून आले म्हणे. नवा चष्मा लावलाय.

परवा गाडी धुताना ते एकटे भेटले. अध्यक्षांच्या जुन्या गाडीच्या जागेत पाणी वाहून जाईल अशा बेताने ते बादली ओतत होते. मी म्हटलं, “साहेब, आता डोळे ठीक आहेत. परीक्षा देऊन टाका ना. अख्खं पुस्तक पाठ आहे तुमचं.”

साहेबांनी फडकं पिळलं. इकडे तिकडे बघितलं.

“आणि नापास झालो तर?” ते म्हणाले.

हे इतक्या साध्या आवाजात आलं की मला हसू आलं नाही. या प्रश्नावर गावातल्या निम्म्या माणसांकडे तयार उत्तरं होती, माझ्याकडेही एक होतं. ते मी दिलं नाही. वरून काकू किल्ली घेऊन येत होत्या. साहेबांनी फडकं बादलीच्या कडेवर वाळत घातलं, पिशवी उचलली आणि मागचं दार उघडलं.